घाटकोपरची लक्ष्मी

लक्ष्मी दिसते कशी, असे कुणी विचारले तर आपल्याला आठवावे लागत नाही. कमळावर उभी, चार हात, वरच्या दोन हातांत कमळे, अंगावर जरीकाठी साडी, बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती. सरस्वती म्हटले की शुभ्र वस्त्र, मांडीवर वीणा आणि जवळ मोर. हे रूप पुराणकाळापासून असेच चालत आले आहे, असे आपण धरून चालतो. आजीच्या देवघरात ते होते, वाण्याच्या दुकानात गल्ल्याच्या वर होते, शाळेत शारदोत्सवाला पाटावर होते. आता ते मोबाइलच्या पडद्यावरही आले आहे. पण हा चेहरा, ही साडी, ही उभे राहण्याची ढब यांचे वय सव्वाशे-दीडशे वर्षांच्या पलीकडे जात नाही. ते रूप चितारणारा माणूस केरळातला, ते छापणारी यंत्रे जर्मनीची आणि छापखाना होता आपल्या घाटकोपरला.

त्या वेळचे घाटकोपर म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातले एक खेडे. मुंबई उपनगर जिल्हा झाला तो १९२० साली. मी राहतो ते माहुलही त्याच तालुक्यात, तुर्भ्याच्या बेटावर, खाडीच्या कडेला. चेंबूरमार्गे निघालो तर घाटकोपर काही फार लांब नाही. आमच्याकडे तेलशुद्धीकरणाचे कारखाने आले ते १९५० नंतर. त्याआधी कोळ्या-आगऱ्यांची घरे, मासळी, मिठागरे आणि चिखलाची खाडी एवढाच पसारा होता. त्या घरांतून मी लहानपणी जी लक्ष्मी पाहिली तीच पुढे मलबार हिलवरच्या एका बंगल्यात पाहिली, तेव्हा मला पहिल्यांदा कुतूहल वाटले. एकच चित्र दोन्हीकडे कसे? त्या कुतूहलातून जुनी छापील देवचित्रे जमवायचा नाद लागला, आणि त्या नादातून राजा रविवर्मा या माणसाचे आयुष्य थोडेफार कळत गेले. मराठी वाचकाला रविवर्मा ठाऊक आहेत ते बहुधा रणजित देसाई यांच्या कादंबरीमुळे. ती कादंबरी सुरेख आहे, पण कादंबरी म्हणूनच वाचावी. त्यांच्या खऱ्या आयुष्यातली छापखान्याची कहाणीही काही कमी नाट्यमय नाही.

राजघराण्यातला चित्रकार

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूर इथला. नावात राजा असले तरी त्यांना गादी नव्हती. घराणे राजांशी सोयरीक असलेले, मोठे जमीनदारांचे. त्या समाजात वंश आईकडून चालायचा आणि घरात मामाचा शब्द मोठा. हे मामा, राजराजवर्मा, स्वतः चित्रे काढीत. भाच्याने भिंतीवर कोळशाने काढलेल्या आकृत्या पुसून टाकण्याऐवजी त्यांनी त्याला हाताशी धरले, अशी हकीकत सांगतात. चौदाव्या वर्षी त्याला घेऊन ते तिरुअनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी गेले. मुलगा तिथेच राहिला.

तैलरंग ही तेव्हा आपल्याकडे नवी गोष्ट होती. ज्याला ते येत होते तो सहजासहजी दुसऱ्याला शिकवीत नसे. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार राजाची चित्रे काढायला तिरुअनंतपुरमला आला. त्याने हातात कुंचला धरून काही शिकवले नाही. काम करताना बघायला तेवढे दिले. रविवर्मा बघत राहिले. रंग कसा कालवायचा, ओला रंग सुकायच्या आत त्यावर दुसरा कसा ओढायचा, चेहऱ्यावर उजेड कुठून घ्यायचा, हे सगळे त्यांनी नजरेने उचलले आणि एकट्याने घोटले.

मग नाव व्हायला वेळ लागला नाही. १८७३ साली केसांत मोगऱ्याचा गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले, आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही ते गौरवले गेले. १८८१ साली सयाजीराव गायकवाडांच्या राज्यारोहणाच्या सोहळ्यासाठी बडोद्याचे बोलावणे आले. पुढे सयाजीरावांनी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर चौदा चित्रे काढायला सांगितली. त्यासाठी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे भाऊ सी. राजराजवर्मा यांनी उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला. दमयंतीला नेसवायचे काय, सीतेला दागिने कोणते घालायचे, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. देशाच्या प्रत्येक कोपऱ्यात नेसण वेगळे. शेवटी पुराणातल्या अनेक नायिकांच्या अंगावर त्यांनी साडी चढवली, आणि तीही बऱ्याचदा आपल्या मराठी बायका नेसतात त्या वळणाची. नल-दमयंतीच्या काळात नऊवारी नव्हती, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण सबंध देशाला आपली वाटेल अशी एक स्त्री त्यांना हवी होती आणि ती त्यांना इकडे सापडली. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात त्यांची दहा चित्रे गेली आणि पदके घेऊन आली. ते स्वतः मात्र कधी समुद्रापलीकडे गेले नाहीत.

एका मराठी दिवाणाची सूचना

बडोद्याची ती चित्रे राजवाड्यात जाण्याआधी लोकांना बघायला ठेवली तेव्हा माणसांची रीघ लागली. चित्रांपुढे उभे राहून लोक हात जोडू लागले. दोन-चार दिवसांचा हा सोहळा संपला की चित्रे आत जाणार होती आणि दार बंद होणार होते. महाराजांच्या पाहुण्यांखेरीज मग ती कोण बघणार?

या प्रश्नाचे उत्तर रविवर्मांना काही वर्षे आधीच एकाने सुचवून ठेवले होते. ते म्हणजे सर टी. माधवराव. कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरच्या मराठी घराण्यातले हे गृहस्थ आधी त्रावणकोरचे, मग इंदूरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण झाले. रविवर्मांना ते तरुणपणापासून ओळखत. एका चित्रकाराला दोन हात. मागणी मात्र हजारांची. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढून घ्याव्यात, असे त्यांनी पत्राने कळवले होते. १८९१ मध्ये माधवराव वारले. पण सूचना रविवर्मांच्या मनात राहिली, आणि त्यांनी ती आणखी एक पाऊल पुढे नेली. चित्रे युरोपात पाठवण्याऐवजी त्यांनी युरोपातला छापखानाच इकडे आणायचे ठरवले.

छापील देवचित्रे तोवर नव्हतीच असे नाही. कलकत्त्यात ती निघत होती आणि पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी काढलेली चित्रशाळाही होती. जर्मनीत छापलेले आपले देव बोटीने मुंबईला येत आणि भुलेश्वरच्या बाजारात विकले जात, ते वेगळेच. पण चांगल्या तैलचित्राची हुबेहूब रंगीत प्रत इथल्या इथे काढण्याची यंत्रे आणि ते कसब आपल्याकडे नव्हते. त्या विद्येचे माहेर जर्मनी. म्युनिकच्या आलॉइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास शिळाछापाची युक्ती शोधली होती आणि त्यासाठी लागणारा मऊ, बारीक पोताचा चुनखडीचा दगडही त्याच बव्हेरिया प्रांतात, झोल्नहोफेनच्या खाणीत मिळे.

दगडावरचे देव

ही युक्ती ऐकायला सोपी आहे. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढाच तिचा पाया. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, तेही उलटे, आरशात दिसते तसे. मग दगड ओला करायचा. जिथे चित्र आहे तिथे पाणी ठरत नाही, बाकी दगड पाणी धरतो. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला लागते. वर कागद ठेवून दाब दिला की छाप उठतो. एका रंगाला एक दगड. लक्ष्मीच्या गालावरची लाली, साडीचा काठ, कमळाची पाकळी, पाण्यावरची सावली यांसाठी दगडांमागून दगड लागत. चांगल्या चित्राला दहा-बारा, कधी त्याहूनही जास्त. प्रत्येक वेळी तोच कागद नेमक्या त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तर देवीचे ओठ गालावर जातात. शेवटी वरून वार्निशचा हात आणि कॅनव्हासचा पोत दिला की कागद तैलचित्रासारखा दिसू लागे. यालाच ओलिओग्राफ म्हणत.

मूळ चित्राचे रंग निरखून कोणत्या रंगाचा दगड कुठे हे ठरवणारा कारागीर हा या धंद्याचा प्राण. असे कारागीर जर्मनीहून आणावे लागले. त्यांतला एक फ्रिट्झ श्लायशर. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. १८९४ साली मुंबईत रविवर्मांचा छापखाना सुरू झाला. मुंबईचे व्यापारी गोवर्धनदास खटाव मखनजी भागीदार होते. विश्वामित्र-मेनकेच्या कथेतला शकुंतलेचा जन्म हे पहिले चित्र बाहेर पडले. मागोमाग लक्ष्मी आली, सरस्वती आली, गंगावतरण, दमयंती, राम-सीता आली.

दोघे भाऊ मुंबईत असले की गिरगावातल्या स्टुडिओत चित्रे काढीत आणि घाटकोपरला जाऊन छापखान्याचे काम बघत. राजराजवर्मांना रोजनिशी लिहायची सवय होती. १८९५ ते १९०४ या काळातली त्यांची इंग्रजी रोजनिशी २००५ साली पुस्तकरूपाने आली. ती वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. रविवर्मा म्हणजे रेशमी वस्त्रे, सुंदर स्त्रिया आणि राजांचे नजराणे, असे चित्र आपल्या डोक्यात असते. या वहीत आहेत दोन कष्टाळू भाऊ. सकाळपासून उजेड जाईपर्यंत चित्रे काढणारे, नाटके बघणारे, आगगाडीने हिंडणारे आणि छापखान्याच्या पैशांची विवंचना करणारे.

प्लेग आणि कर्ज

विवंचनेला कारणे पुष्कळ होती. यंत्रे परदेशी, दगड परदेशी, शाई आणि कागद परदेशी, वर जर्मन कारागिरांचे पगार. चित्र उत्तम निघावे म्हणून दगडांची संख्या वाढवायची आणि ते गरिबाला परवडावे म्हणून किंमत उतरवायची, या दोन टोकांमध्ये हिशेब बसेना. भागीदारीत कुरबुरी झाल्या आणि ती मोडली. त्यातच १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी बंदराच्या बाजूला प्लेगचे पहिले रोगी सापडले. बघता बघता निम्मी मुंबई गाव सोडून पळाली. कामगार मिळेनात, बाजार बंद, माल पडून. १८९९ साली छापखाना घाटकोपरहून उचलून कार्ल्याच्या लेण्यांजवळ, मळवली स्टेशनालगत नेला. हवा चांगली, पाणी भरपूर, रेल्वे दाराशी. पण कर्ज काही मुंबईत राहिले नाही. ते बरोबर आले.

चित्रे विकली जात नव्हती असे मुळीच नाही. उलट ती इतकी खपत होती की बाजारात त्यांच्या नकला निघाल्या. कुणीही उठावे, रविवर्मांची लक्ष्मी दुसऱ्या दगडावर उतरवावी आणि दोन पैसे कमी किमतीत विकावी. युरोपातल्या कारखान्यांनी ती आगपेट्यांवर छापली, गिरण्यांनी कापडाच्या ताग्यावर चिकटवली. प्रती काढण्यासाठी छापखाना घातलेल्या माणसाला दुसऱ्यांनी काढलेल्या प्रतींनी गाठले.

१९०० नंतरच्या दोन-तीन वर्षांतच रविवर्मांनी छापखाना विकला. घेणारा होता तोच जर्मन कारागीर, श्लायशर. यंत्रे आणि दगड यांच्याबरोबर चित्रे छापण्याचे हक्कही गेले. म्हणजे आपल्याच लक्ष्मीवर आता रविवर्मांचा अधिकार उरला नाही. नाव मात्र तेच राहिले. चित्राखाली रविवर्मा प्रेस असे छापलेले असे आणि लोक ती चित्रे रविवर्मांचीच समजून घेत. त्यांतली कितीतरी दुसऱ्याच चित्रकारांनी काढलेली होती.

पुढचा काळ थोडक्यात सांगण्याजोगा. १९०४ साली सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. म्हैसूरच्या राजवाड्यासाठी नऊ चित्रांचे मोठे काम आले. पण १९०५ च्या जानेवारीत राजराजवर्मा गेले. निसर्गदृश्य काढणारा हात, हिशेब ठेवणारा, पत्रे लिहिणारा, सोबत करणारा असा हा भाऊ होता. रविवर्मांना मधुमेहाने घेरले होते. म्हैसूरचे काम त्यांनी पुरे केले आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरला त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न.

त्याच दगडावर युद्ध

छापखाना चालू राहिला. रविवर्मा हयात असतानाच त्याच्याशी एका मराठी तरुणाचा संबंध आला. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके. बंगालच्या फाळणीनंतर सरकारी नोकरी सोडून त्यांनी या छापखान्यासाठी फोटोवरून दगडावर चित्र उतरवण्याचे काम केले, लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणायला तेही जर्मनीलाच गेले. १९१३ मधला त्यांचा हरिश्चंद्र पाहिला की त्यातली माणसे उभी राहतात ती रविवर्मांच्या चित्रांतल्यासारखीच. स्थिर चित्राच्या हजार प्रती काढता काढता फाळके हलत्या चित्रापर्यंत पोहोचले.

छापील चित्रात केवढी ताकद आहे हे सरकारलाही कळले होते. १९१० च्या प्रेस कायद्यानंतर देवादिकांच्या चित्रांवरही पोलिसांची नजर गेली. पोटात सगळे देव सामावलेली गाय दाखवणारी चित्रे तेव्हा फार खपत. रविवर्मा प्रेसनेही तसे एक काढले होते. गोरक्षणाच्या चळवळीत अशी चित्रे गावोगाव फिरत आणि त्यांच्या भोवती दंगेही उसळत. भिंतीवरचा देव हात जोडायला लावतो, तसा हात उगारायलाही लावू शकतो, हे त्या काळाने पाहिले.

हीच गोष्ट जर्मनीत १९१४ नंतर फार मोठ्या प्रमाणावर घडली. माझ्या संग्रहात देवचित्रांच्या शेजारी पहिल्या महायुद्धातल्या काही जर्मन पोस्टरांच्या नव्याने काढलेल्या प्रती आहेत. घरी येणारा पाहुणा विचारतो, हे इथे कशाला? मी त्याला फ्रिट्झ एर्लर या चित्रकाराचे १९१७ चे पोस्टर दाखवतो. युद्धकर्जाला पैसे द्या म्हणून सांगणारे. डोक्याला पोलादी शिरस्त्राण, गळ्यात विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा, मागे काटेरी तार आणि दूर कुठेतरी लागलेले ते उजळ डोळे. हा सैनिक जवळजवळ देवासारखा रंगवलेला आहे. तंत्र तेच, शिळाछापाचे. कलाही तीच: चेहऱ्यावर उजेड, डोळ्यांत भाव, बघणाऱ्याला खिळवून ठेवायचे. ज्या म्युनिकमध्ये शिळाछाप जन्मला, तिथलाच लुडविग होलवाइन हा पोस्टरचा बादशहा पहिल्या युद्धात सरकारसाठी चित्रे काढीत होता आणि पुढे हिटलरच्या राजवटीसाठीही काढू लागला.

अशा पोस्टरांचा सगळ्यात मोठा संग्रह करणारा माणूस होता बर्लिनचा एक दंतवैद्य, हान्स साक्स. १९०५ साली त्याने पोस्टरप्रेमींची संस्था काढली, १९१० पासून पोस्टरांना वाहिलेले मासिक चालवले आणि युद्धकाळातली पोस्टरेही जमवली. साडेबारा हजारांचा तो संग्रह १९३८ साली गोबेल्सच्या हुकमाने जप्त झाला, कारण साक्स ज्यू होता. त्याला छळछावणीत डांबले. सुटल्यावर तो बायको-मुलासह अमेरिकेला गेला आणि १९७४ मध्ये तिथेच वारला. त्याच्या मुलाने खटला लढवला. २०१२ साली जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने उरलेली चार हजारांवर पोस्टरे परत द्यायला लावली. प्रचाराची चित्रे जपणाऱ्यालाच प्रचाराने गिळले. ही कथा मी रविवर्मांच्या कथेशेजारी ठेवतो, कारण दगड दोन्हीकडे एकच होता. दगडाला पाप-पुण्य नसते. त्यावर काय काढायचे आणि कुणासाठी, एवढेच माणसाच्या हाती असते.

कॅलेंडरचा चित्रकार

रविवर्मा गेल्यावर वर्षा-दोन वर्षांतच त्यांच्या कलेवर टीकेची झोड उठली. हॅवेल, आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता यांना त्यांच्या चित्रांत भारतीय आत्मा दिसेना. युरोपीय तंत्राने काढलेल्या नाटकी बायका, असा एकूण सूर होता. त्या टीकेत तथ्य नव्हते असे नाही. रविवर्मांच्या पुराणस्त्रिया खरोखरच त्या वेळच्या नाटकांतल्या पात्रांसारख्या उभ्या राहतात. पण पुढे पुढे टीकेचे कारण छापील प्रती हेच झाले. ज्याचे चित्र न्हाव्याच्या दुकानात लागते तो कसला मोठा चित्रकार? कॅलेंडरवाला ही शिवी झाली, आणि ती पुष्कळ वर्षे चिकटून राहिली.

काळाचा खेळ बघा. १९७९ साली सरकारने रविवर्मांची चित्रे राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली. ती देशाबाहेर नेता येत नाहीत. २०२३ मध्ये मुंबईतल्या एका लिलावात त्यांचे यशोदा-कृष्णाचे चित्र ३८ कोटींना गेले. मूळ तैलचित्रांचे असे भाग्य उजळले, पण मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत जळाला आणि कितीतरी जुने छाप त्यात नष्ट झाले. जे वाचले ते घराघरांत, माळ्यावर, जुन्या चौकटींत.

म्हणून वाचकांना एक विनंती. जुनी देवाची तसबीर काच फुटली म्हणून नदीत सोडण्याआधी ती एकदा उजेडात धरा. खालच्या कडेला छापखान्याचे नाव आहे का बघा. कार्ला किंवा लोणावळा हे शब्द दिसले तर हात आखडा. मग साधे भिंग लावा. आजच्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके शिस्तीत, ठराविक अंतरावर दिसतात. जुन्या शिळाछापात ते हाताने टिपलेले, लहानमोठे, वाळूसारखे विखुरलेले असतात. कधी देवीच्या साडीला खरी जर आणि टिकल्या शिवलेल्या आढळतात; घरातल्या बायका ते हौसेने करीत. अशा चित्राचा बाजारभाव वाढतो की घटतो याची भांडणे संग्राहकांत चालतात. मला स्वतःला त्या टिकल्या फार मोलाच्या वाटतात. कागदावरच्या लक्ष्मीला आपले मानून कुणीतरी रात्री दिव्याच्या उजेडात सुई चालवली, एवढे त्यांवरून कळते. तसबीर कोरडी ठेवा, उन्हापासून लांब ठेवा आणि पुन्हा चौकटीत बसवताना मागे पुठ्ठ्याऐवजी चांगला कागद घाला.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. कोळ्याच्या झोपडीत आणि बंगल्यात एकच चित्र कसे? रविवर्मांच्या ऐन उमेदीच्या काळात या देशातल्या लाखो माणसांना देवळाच्या पायरीवरच थांबावे लागे. नाशिकचा काळाराम सत्याग्रह १९३० चा; पंढरपूरचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले ते १९४७ साली. त्रावणकोरची स्थिती तर आणखी वाईट होती. काही जातींना देवळाच्या आसपासच्या रस्त्यावरूनही चालता येत नसे. अशा वेळी आण्या-दोन आण्यांच्या कागदावर देव दाराशी येऊन उभा राहिला. कागद विकत घेणाऱ्याला त्याची जात कुणी विचारली नाही. रविवर्मा काही सुधारक नव्हते, चळवळ करणारे तर नव्हतेच. त्यांनी चित्रे छापली ती लोकांनी बघावीत म्हणून आणि चार पैसे मिळावेत म्हणूनही. पैसे मिळाले नाहीत. पण ज्यांना गाभाऱ्यात शिरायची बंदी होती त्यांच्या घरात गाभारा आला.

रविवर्मांच्या दोन नाती १९०० साली त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या. त्यांतल्या एकीचा मुलगा चित्तिरा तिरुनाळ पुढे गादीवर बसला. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्याने जाहीरनामा काढून संस्थानातली देवळे सर्व हिंदूंना खुली केली. देशभर त्याचे कौतुक झाले. हा तरुण राजा रविवर्मांचा पणतू. पणजोबांना जाऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती आणि त्यांची लक्ष्मी घाटकोपरहून निघून घरोघर पोहोचल्याला चाळीस.